महाजन सरांच्या पालकांचा राजीनामा

बुऱ्हाणपुरात एकच शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी राबतो, आणि त्या दोन्ही अर्थांना पुष्कळदा एकाच घरात नांदावे लागते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत ती छडीने करतात. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. आमच्याकडची माणसे या अर्थांमधून सवयीने वाट काढतात. मुरलीधर त्र्यंबक महाजन यांनी मात्र एक नियम करून ठेवलेला होता: शब्द दोन्हीकडे असेल, तर अर्थ मराठीचा धरावा. आमच्या शाळेच्या फाटकावर 'शिक्षा विभाग' अशी पाटी होती. महाजन सर छत्तीस वर्षे त्या पाटीखालून आत गेले. नवा शिक्षक आला की ते त्याला पाटी दाखवत आणि म्हणत, "विभागाने स्वतःच लिहून दिलं आहे. मागाहून तक्रार करायची नाही."

सिंधीपुऱ्यातल्या त्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत आणि मी भौतिकशास्त्र. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे, तरी मला 'महोदय' म्हणत. शिपायालाही महोदयच म्हणत. मे महिन्यातसुद्धा त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत आणि गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या असत. खिशात तीन रंगांचे खडू असत. तांबडा धमनीसाठी, निळा शिरेसाठी, पिवळा मज्जातंतूसाठी. एखाद्या दिवशी निळा खडू संपलेला असला, तर ते वर्गाला शांतपणे सांगत, "आज शिरा नाहीत. रक्त नुसतंच जाईल, परत येणार नाही. उद्या या." आणि खरोखर वर्ग सोडून देत.

गावातले निम्मे डॉक्टर त्यांचे विद्यार्थी. त्यामुळे आजारी पडणे हा त्यांना परीक्षा घेण्याचा एक प्रकार वाटे. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. चाळिशीचा, टक्कल पडलेला डॉक्टर त्यांना पाहताच खुर्चीवरून उठून उभा राहिला. सर रुग्णाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "औषध नंतर लिही. शरीराचं तापमान मेंदूचा कोणता भाग राखतो?" डॉक्टर बरोबर बोलला. "आकृती काढ," सर म्हणाले. बाहेर अकरा रुग्ण खोळंबलेले असताना त्या डॉक्टराने औषधांच्या चिठ्ठीवर मेंदूचा उभा छेद काढला. सरांनी तो पाहिला, एका ठिकाणी बाण सुधारला, आणि मगच जीभ बाहेर काढून दाखवली.

त्यांनी लग्न केले नव्हते. कोणी कारण विचारले, तर "तसा अर्ज आला नाही" असे सांगत. लालबागेत दोन खोल्यांचे घर होते. तिथे ते आणि त्यांची आई कौसल्याबाई असे दोघेच राहत. साऱ्या गल्लीप्रमाणे मीही त्यांना माय म्हणत असे.

अर्ज हा सरांचा खरा विषय. शाळेतून मेडिकलच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा अर्ज त्यांच्या नजरेखालून जाई. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवे. आडनाव 'पाटील' असले तरी गुणपत्रिकेत हिंदी पद्धतीने 'पाटिल' छापलेले असेल, तर तुम्ही त्या दिवसापुरते ऱ्हस्व व्हायचे. "अर्ज नीट भरा," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते की सरकारने परीक्षेचेच नाव 'नीट' ठेवले, तेव्हा त्यांना ते केवळ आपल्या सूचनेची दखल घेतल्यासारखे वाटले.

सेवानिवृत्तीला थोडे महिने उरले असताना, एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या वाचनात आले की या परीक्षेला बसण्यासाठी वयाची वरची मर्यादा आता राहिलेली नाही. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"महोदय, ही अट कोणासाठी उठवली असेल?"

"कल्पना नाही, सर."

"अट उठली, म्हणजे कोणीतरी उठायला हवं," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं मी बेडूक शिकवला. आता माणसाकडे जायला हरकत नाही."

मला ती थट्टा वाटली. मराठी अर्थाने चेष्टा. ती हिंदी अर्थाने होती.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी शिकवणीला येऊ लागले, कारण जीवशास्त्रात त्यांना कोणी हरवू शकत नव्हते, पण भौतिकशास्त्र त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सोडलेले होते आणि त्यानेही त्यांना सोडलेले होते. मी खोलीत आलो की ते उठून उभे राहत. "सर, बसा ना," असे मी म्हणे, तेव्हा ते म्हणत, "इथे सर तुम्ही." माझी फळ्यावर चूक झाली, तर बोलत नसत, हात वर करून थांबत. वहीला समास आखलेला असे. गृहपाठ राहिला, तर स्वतःहून खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत, आणि मला पुढचा धडा त्या कोपऱ्याकडे तोंड करून शिकवावा लागे.

मुख्याध्यापकांनी एकदा रस्त्यात गाठून त्यांना टोमणा मारला. "महाजन, या वयात एका पोराची सीट खाणार का?"

"छत्तीस वर्षं मीच त्या सीटा भरत आलो," सर म्हणाले. "एकीत मी बसून पाहतो, कशी लागते ती."

पहिल्या वर्षी परीक्षा केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवले. "अंकल, पालक लोग उधर पेड़ के नीचे। बच्चे को भेजिए।"

"बच्चा मैं ही हूँ," सर म्हणाले आणि प्रवेशपत्र पुढे केले.

पुढची अडचण बाह्यांची होती. त्या परीक्षेला पूर्ण बाह्यांचे कपडे चालत नाहीत. कॉपी लपवता येते म्हणे. हा नियम सरांनी शेकडो मुलांना समजावून सांगितला होता. स्वतःच्या सदऱ्याला तो लागू असेल, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. फाटकावर एक बाई कात्री घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डावी बाही कापली. सर म्हणाले, "थांबा. कोपरापासून चार बोटं वर. उजवीही तेवढीच हवी." मागे दोनशे मुलांची रांग उभी होती. बाईंनी दोनदा मोजून उजवी बाही कापली. सरांनी दोन्ही कापलेले तुकडे मागितले, आणि ते आत नेता येणार नाहीत असे कळल्यावर त्यांची पावती मागितली.

त्या वर्षी ते नापास झाले, कारण जे उत्तर संपूर्ण खात्रीचे नव्हते ते त्यांनी लिहिले नाही, आणि भौतिकशास्त्रात संपूर्ण खात्री त्यांना तीनच उत्तरांची होती. दुसऱ्या वर्षी त्यांना बहुतेक सर्व उत्तरे येत होती. पण उत्तरपत्रिकेवरची वर्तुळे ते इतक्या काळजीने, काठाला न शिवता, एकसारख्या काळ्या रंगाने भरत राहिले की वेळ संपला तेव्हा शेवटची चाळीस वर्तुळे कोरी होती. "जी भरली, ती पाहण्यासारखी होती," एवढेच ते मला म्हणाले. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडून महिनाभर फक्त वर्तुळे वाईट भरण्याचा सराव करून घेतला. शिक्षक म्हणून माझ्या हातून घडलेले ते एकमेव पाप असावे, आणि त्याला फळ आले. काउन्सेलिंगच्या शेवटच्या फेरीत, यादीच्या शेवटच्या पानावर, दूरच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मुरलीधर त्र्यंबक महाजन, वय वर्षे चौसष्ट, यांना एम.बी.बी.एस.ची जागा मिळाली.

गुरुवारी ते एकटेच कागदपत्रे घेऊन कॉलेजात गेले. शुक्रवारी दुपारी माझ्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी प्रथमच गोंधळलेला पाहिला.

घडले होते ते असे. खिडकीवर एक वयस्क कारकून होता. पूर्वी कचेरीत, म्हणजे कोर्टात, नोकरीला होता असे मागाहून समजले. त्याने कागद तपासले. "गैप चालीस साल का है," तो म्हणाला. "कारण?"

"पढ़ा रहा था।"

"पढ़ा रहे थे, तो पढ़े क्यों नहीं?"

कारकुनाने पुढचा कागद उलटला. वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अर्जासोबत पालकांचा एक कागद लागतो. सरांच्या अर्जात तो नव्हता. "माता-पिता में से कोई हैं?"

"माता हैं।"

"तो उनका राजीनामा लाइए। शनिवार पाँच बजे तक। नहीं तो सीट अगले नंबर को चली जाएगी।"

"पालकाचा राजीनामा," सर मला म्हणाले. "प्रवासभर विचार केला. आता नियम समजला. विद्यार्थी वसतिगृहात गेला की तो कॉलेजच्या ताब्यात जातो. एका विद्यार्थ्याला एका वेळी दोन पालक कसे असतील? म्हणून आधीच्या पालकाने पद सोडायचं. तर्कशुद्ध आहे."

मलाही ते तर्कशुद्ध वाटले, हे येथे नमूद करणे भाग आहे. सरकारी नियमात याहून विचित्र गोष्टी मी वाचलेल्या होत्या. आम्ही दोघे तसेच लालबागेत गेलो. माय ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. सरांनी लाकडी पाटावर कागद ठेवला, समास आखला, आणि मजकूर लिहून मोठ्याने वाचला:

"विषय: पालकपदाचा राजीनामा. महोदय, मी, श्रीमती कौसल्याबाई त्र्यंबक महाजन, वय वर्षे त्र्याऐंशी, माझा मुलगा चि. मुरलीधर, वय वर्षे चौसष्ट, याचे पालकपद गेली चौसष्ट वर्षे विनाखंड सांभाळत आहे. वृद्धापकाळामुळे, तसेच मुलाच्या पुढील शिक्षणाच्या हितासाठी, मी सदर पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. तो मंजूर करावा, ही विनंती."

मायने शेंगा बाजूला ठेवल्या. "वृद्धापकाळ काढ. मी म्हातारी झाली म्हनून नाही सोडत."

"मग कारण काय लिहू, माय?"

"लिही, पोरगं मार्गाले लागलं."

सरांनी वृद्धापकाळ खोडून कागद नव्याने लिहिला, कारण खाडाखोड चालत नाही. मग अंगठ्यासाठी शाईची डबी उघडून पुढे केली. मायने ती झाकण लावून परत दिली.

"चौथी शिकेल आहे मी. सही येते मले."

"मला ठाऊक नव्हतं," सर म्हणाले.

"तुले कसं ठाऊक राहीन. तवा बी तुया डाक्टरीचा कागद आला व्हता ना. बापाची सही पाहिजे म्हने. बाप केळाच्या गाड्या घेऊन आठ दिवस बाहेर, अन् इकडे तारीख निंघून गेली. शाहपुरात राहत व्हतो तवा आपन. घरभर रडत फिरला तू." त्यांनी पेन मागून घेतले. "मी घरातच व्हती. सही येत व्हती. पन कोनी इचारलंच नाही मले."

छत्तीस वर्षे सर मुलांना अर्ज नीट भरा असे का बजावत होते, ते मला त्या ओट्यावर समजले. पण त्या वेळी कोणाकडेच पाहणे बरे दिसले नसते, म्हणून मी शेंगा पाहत राहिलो. मायने एकेक अक्षर उभे करत पूर्ण नाव लिहिले. त्याला चार मिनिटे लागली. शेवटी नावाखाली रेघ ओढली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

"माय, संध्याकाळी खिचडी टाकायची का?" सरांनी कागद घडी घालता घालता विचारले.

"मले कायले इचारतं?" माय म्हणाल्या. "पालकाले इचार."

शनिवारी साक्षीदार या नात्याने मीही त्यांच्याबरोबर गेलो. आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. खिडकीसमोरच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर पिशवी धरून बसले होते. पुढच्या क्रमांकाच्या मुलाचे ते वडील. ते आळीपाळीने भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि सरांकडे पाहत होते, आणि दोन्ही लवकर सरकावेत अशी त्यांची इच्छा स्पष्ट होती.

रांगेत आमच्या पुढे एक मुलगी उभी होती. तिच्या हातात वडिलांच्या सहीचा कागद होता. त्याच्या माथ्यावर हिंदीत लिहिलेले होते: राजीनामा. खाली लिहिलेले होते की मुलीला येथे शिकण्यासाठी पाठवण्यास मी राजी आहे.

वाचकांच्या सोयीसाठी सांगतो. शब्द फारसी आहे. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे संमतीपत्र. कचेरीतल्या हिंदीने हा अर्थ जपून ठेवला. मराठीने तो शब्द नोकरी सोडणाऱ्याच्या हाती दिला. हे सारे मला त्या मुलीच्या खांद्यावरून, चार वाजून बत्तीस मिनिटांनी कळले. बुऱ्हाणपूर तिथून एका रात्रीच्या अंतरावर होते. आमच्या हातात होते ते असे पत्र, की ज्यात एका आईने मुलाला पाठवण्याची संमती दिलेली नव्हती. तिने आईपणच सोडलेले होते.

मी सरांना सांगणार, तोच आमची पाळी आली. कारकुनाने कागद घेतला. चष्मा वर केला. "यह क्या, मराठी में है?"

"मातृभाषेत आहे," सर म्हणाले. "माताजी की भाषा."

कारकुनाचे बोट ओळींवरून सरकू लागले. "राजीनामा... ठीक। शिक्षण... हित... स्वखुशी..." मग ते वर परतून थांबले. "यह 'पालकपद' क्या है? गवाह कौन है? आप? पढ़कर बताइए, इसमें माताजी कहती क्या हैं।"

मी आयुष्यात कधी चुकीचे भाषांतर केलेले नाही, आणि तेव्हाही केले नाही. मी म्हणालो, "माताजी कहती हैं कि चौंसठ साल उन्होंने बेटे को सँभाला। अब उसकी पढ़ाई के लिए, अपनी खुशी से, उसे छोड़ती हैं।"

"यानी राजी हैं।"

"जी। राजी हैं।"

"नाही, नाही," सर पुढे सरसावले. "राजी नव्हे. राजीना—"

मी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्या मुलीच्या कागदाकडे, जो अजून खिडकीच्या कठड्यावर शिक्क्याची शाई वाळण्यासाठी पडलेला होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांच्या कानांच्या पाळ्या तांबड्या होत गेल्या. बाकावरचे गृहस्थ उभे राहिले. कारकुनाने शिक्का शाईत बुडवला, हवेत धरला, आणि सरांना विचारले, "क्या कह रहे थे आप?"

सरांनी घसा साफ केला. "कुछ नहीं," ते म्हणाले. "मराठी में बोल रहा था।"

शिक्का पडला. बाकावरच्या गृहस्थांनी पिशवी उचलली आणि जाताना सरांना नमस्कार केला. त्यांच्या वयाला केला असावा. सरांनी त्यांना थांबवून मुलाचे भौतिकशास्त्राचे गुण विचारले आणि वर्तुळे कशी भरावीत, ते पाच मिनिटे समजावून सांगितले.

त्या राजीनाम्याचा खरा अर्थ आम्ही मायंना सांगितला. त्यांनी तो मान्य केला नाही. लिहिले होते ते वाचून सही केली आहे, असे त्यांचे म्हणणे. वसतिगृहाच्या अधिकाऱ्याचा एकदा घरी फोन आला, की मुरलीधर महाजन हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी सीनियर मुलांना दाढी करून न आल्याबद्दल रागावतो, तरी पालकांनी समज द्यावी. माय म्हणाल्या, "मी राजीनामा देला हो भाऊ. मंजूर बी झाला. आता तुमीच पाहा त्याले." आणि फोन ठेवला.

पुढे माझी बदली झाली. त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत, मी निरोप घ्यायला लालबागेत गेलो, तेव्हा महाजन सर ओट्यावर मायसमोर बसले होते. त्यांनी तीन बोटे मायच्या मनगटावर ठेवलेली होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. मला त्यांनी दुसऱ्या हाताने थांबण्याची खूण केली. पूर्ण एक मिनिट ते मोजत राहिले. मग त्यांनी वहीत आकडा लिहिला.

"काय म्हनते नाडी?" मायने विचारले.

"शहात्तर."

"म्हंजे चांगली का वाईट?"

सरांनी विचार केला. मला वाटते, त्यांना उत्तर येत होते. त्यांच्या कुठल्याही दहावीच्या मुलाला ते आले असते.

"आम्हाला अजून मोजायलाच शिकवलं आहे," ते म्हणाले. "अर्थ पुढं शिकवतात. तिसऱ्या वर्षी."

"तिसऱ्या?" माय म्हणाल्या. गाडी उशिरा येणार असल्याचे कळल्यावर माणूस फलाटावर जसा जरा सावरून बसतो, तशा त्या सावरून बसल्या. "मंग थांबा लागीन तवर."

मनगट त्यांनी काढून घेतले नव्हते. सरांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.